भुकेचे पाच रकाने

१

सकाळी साडेदहाला डोंगरापलीकडून दूरध्वनी आला, आणि अकराच्या आत दुभाषीबाईंचा शिक्का कार्यवाहांच्या कपाटात कुलूपबंद झाला.

त्या वेळी दुभाषीबाईंचे सासरे गोदामात उकिडवे बसून वजनकाट्याच्या पायाकडे पाहत होते. तंत्रविद्यालयात तीस वर्षे यंत्रचित्रे शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी मदतसंस्थेचा काटा दर गुरुवारी तपासण्याचे काम आपणहून अंगावर घेतले होते. भिंत असो की माणूस, आधी रेष सरळ आहे का ते पाहायचे, ही त्यांची खोड. म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव ‘ओळंबा’ ठेवले. पुढे सगळेच त्यांना ओळंबा मास्तर म्हणू लागले आणि त्यांनीही ते नाव पदवीसारखे मिरवले.

“हे काय?” काट्याच्या मागच्या पायाखाली कोंबलेली कागदाची जाड घडी त्यांनी ओढून काढली.

“टेकू,” गोदामप्रमुख म्हणाले. आडवा बांधा, मोठा आवाज आणि कायम कानावर पेन्सिल. “काटा डुगडुगत होता. तुमचा गुरुवार उजाडेपर्यंत मी काय त्याचा पाय धरून बसू?”

“कागद दबतो. कागद दबला की काटा कलतो, आणि काटा कलला की पोत्यामागे पावशेर इकडचं तिकडे.”

“रद्दीच आहे ती. टाका तिथं.”

मास्तर कोणताही कागद वाचल्याशिवाय टाकत नसत. पण वाचायला सवड मिळाली नाही. कार्यवाहांचा निरोप आला होता, आणि निरोप आणणाऱ्या शिपायाने मास्तरांच्या नजरेला नजर दिली नव्हती. घडी हत्यारांच्या पिशवीत टाकून मास्तर उठले.

कार्यवाहांची खोली म्हणजे नीटनेटकेपणाचा नमुना. टेबलावर पेन, पट्टी, टाचणीची डबी एका रेषेत. एरवी मास्तरांना या माणसाबद्दल आपुलकी वाटे ती याच रेषेमुळे.

“मास्तर, बसा. तुम्ही घरचे, म्हणून आधी तुम्हाला सांगतो.” कार्यवाहांनी घसा साफ केला. “सूनबाईंनी तक्त्यात घोळ केलाय. चुकून की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक.”

हकीकत अशी होती. डोंगरापलीकडच्या पाच वस्त्यांची स्थिती तिथला डॉक्टर दर पंधरवड्याला एका छापील तक्त्यावर कळवी. तक्ता अरबी. वस्त्यांची मूळ नावे कुणाच्या जिभेवर नीट बसत नसल्यामुळे कचेरीने त्यांना आपली नावे दिली होती: बंदर, मिठागर, सात विहिरी, खिंड आणि वरचे गाव. प्रत्येक नावापुढे पाच चौकोन. सर्वांत सौम्य स्थितीपासून सर्वांत भीषण स्थितीपर्यंत पाच शब्द. डॉक्टर योग्य चौकोनात फुली मारी. इथे त्याचा मराठी तक्ता तयार होई, दुभाषीबाई त्यावर शिक्का उठवीत, आणि जिथे शेवटच्या शब्दाखाली फुली, तिथे धान्याच्या गाड्या जात.

“काल समितीनं तक्ता पाहिला. बंदरापुढे ‘दुष्काळ’. आठ गाड्या भरल्या, आज चारला निघणार. आणि आज सकाळी डॉक्टरचा फोन.” कार्यवाहांनी फोनवर पाचही वस्त्यांबद्दल घेतलेल्या टिपणाचा कागद पुढे सरकवला. “म्हणतो, बंदराला कसलं धान्य पाठवता? मी वरच्या गावासाठी लिहिलं होतं. पंधरा दिवसांत अकरा माणसं पुरली तिथं. आणि आपल्या तक्त्यात वरच्या गावापुढे काय आहे? ‘महागाई’.”

मास्तरांनी टिपण वाचले. मग पुन्हा वाचून खिशात ठेवले.

“सूनबाईंचं माहेर बंदरात आहे,” कार्यवाह हलक्या आवाजात म्हणाले. “हे मी बोलणार नव्हतो.”

“मग बोललात कशाला?”

“समिती बोलेल म्हणून. नियम तुम्हाला ठाऊक आहे. शिक्का बसलेला तक्ता फोनवरच्या शब्दानं रद्द होत नाही. त्यावर ज्याचा शिक्का किंवा सही, त्यानं चूक लेखी कबूल केली, तरच तो रद्द होतो. त्यांनी कबुली दिली तर मी या क्षणी गाड्या वरच्या गावाकडे वळवतो. नाही दिली तर चारला गाड्या बंदराला.”

“आणि कबुली दिली तर शिक्का?”

“तो कायमचा गेला.”

मास्तरांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजून दहा मिनिटे.

“मला चारपर्यंत वेळ द्या,” ते म्हणाले. “आणि दोन्ही तक्ते दाखवा.”

२

डॉक्टरचा मूळ तक्ता आणि मराठी तक्ता कार्यवाहांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढले. दुभाषीबाईंना त्यांनी ते दाखवले नव्हते. आरोपीच्या हाती पुरावा द्यायचा नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते म्हणणे गैर नव्हते.

“मी अरबी वाचत नाही,” कार्यवाह म्हणाले, “पण फुली ओळखतो. हे बघा.”

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उन्हात दोन्ही तक्त्यांच्या रेषा एकमेकींत मिसळून गेल्या. वरच्या कागदाची प्रत्येक फुली खालच्या कागदाच्या फुलीवर अचूक बसली होती. केसाचाही फरक नव्हता.

“म्हणजे नक्कल बिनचूक आहे,” कार्यवाह म्हणाले. “फुल्या बरोबर, गावांची नावंही वरून खाली ठरलेल्या क्रमानं. मग चूक उरते कुठं? मथळ्यात. त्या पाच शब्दांत. गेल्या महिन्यात नवे तक्ते छापले, तेव्हा शब्द लिहून दिले सूनबाईंनीच. कोणत्या अरबी शब्दाला त्यांनी कोणता मराठी शब्द लावला, ते तपासणारं आमच्याकडे दुसरं कोण आहे? जुने दुभाषी तर वारले.”

मास्तर बराच वेळ काचेपुढे उभे राहिले. कुठे तरी फट सापडेल म्हणून त्यांनी खिशातली पट्टी काढून रकाने मोजले. मधले पाच चौकोन सारखे. दोन्ही कडांचे मोठे रकाने, एक गावाच्या नावाचा आणि एक शेऱ्याचा, तेही सारखेच: पावणेदोन इंच.

फट नव्हती. फुल्या जुळत होत्या. चूक शब्दांत होती, आणि शब्द त्यांच्या सुनेचे होते.

३

“शब्द बाईंचे, फुल्या कार्बनच्या,” टंकलेखिका म्हणाल्या. “जुन्या दुभाष्यांनी घालून दिलेली शिस्त आहे ही. वारले बिचारे, पण शिस्त मागं ठेवून गेले.”

या बाई निवृत्तीला टेकल्या होत्या. सारी कचेरी त्यांना ताई म्हणे, त्यांच्याहून मोठी माणसे धरून.

“नीट सांगा, ताई. अगदी पहिल्यापासून.”

“तुम्ही म्हणजे परीक्षाच घेता. बरं. डॉक्टरचा तक्ता वर, मध्ये कार्बन, खाली आपला कोरा तक्ता. चारी कोपरे जुळवायचे, टाचण्या लावायच्या आणि कोरड्या टाकानं फुल्या गिरवायच्या. झालं. डोळ्यांनी बघून उतरवायचं नाही. डोळा घसरतो, कार्बन घसरत नाही. मग बाईंच्या यादीवरून मी नावं आणि शेरे टाइप करते. या खेपेला शेरा एकही नव्हता.”

“आणि सूनबाई काय तपासतात?”

“नावं आणि शेरे. फुल्यांकडे त्या बघत नाहीत, बघायच्याच नाहीत. दुभाष्यानं फुल्यांना हात लावायचा नाही आणि मी शब्दांना. म्हणजे एकट्या माणसाला लबाडी करताच येऊ नये. जुने दुभाषी म्हणायचे, कार्बन खोटं बोलत नाही.”

“नव्या तक्त्यांनी काही अडचण?”

“त्यावर उतरवलेला हा पहिलाच. पण उलट सोय झाली. पूर्वी यंत्राचा गाडा पार त्या टोकाला ढकलून नाव टाइप करावं लागायचं, खांदा भरून यायचा. आता नाव कसं पहिल्या झटक्यात.” त्यांनी मास्तरांकडे निरखून पाहिले. “मास्तर, ती पोर लबाडी करणारी नाही. पण माझ्या बोलण्याला शिक्का नाही.”

मास्तरांनी मान हलवली. ताईंच्या बोलण्यात एक दाणा बाजूला पडला होता, तो त्यांच्या कानावरून गेला. तो उचलायचे भान त्यांना त्या घडीला राहिले नाही.

गोदामप्रमुखांना मात्र मनावर काही ठेवायची सवयच नव्हती.

“बंदराचा रस्ता सपाट,” ते गाड्यांकडे हात करत म्हणाले. “वरच्या गावाला जायचं म्हणजे घाट, अरुंद वळणं, निम्मा माल खाली ठेवून दोन खेपा. मला बंदर आवडतं हे मी कबूल करतो. लिहून घ्या हवं तर.”

“तक्त्याला हात कुणी लावला?”

“मी पोत्यांना हात लावतो. आणि खरं सांगू? दुष्काळ म्हणजे दुष्काळ. पोट रिकामं ते रिकामं. पाच-पाच शब्द कशाला लागतात? म्हणूनच घोळ होतात.” त्यांनी खिशातून प्रवाशांसाठी छापलेला चिमुकला कोश काढला. त्यात अरबी शब्द देवनागरीत दिले होते. “हे बघा. कहत, दुष्काळ. मजाआ, दुष्काळ. दोन शब्द, अर्थ एक. बाईंनी याच्या जागी तो घातला असणार. चुकून. माणूस आहे.”

मास्तरांनी दोन्ही पाने पाहिली. छापील अक्षरात तसेच होते.

सव्वा वाजला होता. सुनेला भेटायचे आता टाळता येणार नव्हते. आणि आपण दोन तास ते टाळतच होतो, हेही त्यांच्या ध्यानात आले.

४

दुभाषीबाई मागच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर एक कोरा कागद आणि पेन.

“बाबा, मजकूर सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमची भाषा मोजकी असते.”

“कसला मजकूर?”

“कबुलीचा.”

मास्तर शेजारी बसले. गुडघे कुरकुरले. “चूक केलीस?”

“नाही.”

“मग?”

“अकरा माणसं पुरलीत. चारला गाड्या चुकीच्या गावाला गेल्या, तर परत फिरून वर पोचायला सहा दिवस. माझ्या एका सहीनं त्या आत्ता वळतात. शिक्का काय, लाकडाचा तुकडा आहे.”

त्या लाकडाच्या तुकड्यासाठी तिने सात वर्षे अभ्यास केला होता. लग्नानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीत शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, आणि मास्तर पाणी प्यायला गेले की एक-दोन वाचून येत. शिक्का मिळाला त्या दिवशी त्याची मूठ हातात नीट बसेना, म्हणून मास्तरांनीच ती कानशीने घासून दिली होती.

“खोटी कबुली म्हणजे वाकडा खांब,” ते म्हणाले. “आजचं छप्पर तोलेल. पण पुढच्या पंधरवड्याला तक्ता येईल तो वाचणार कोण? आणि खरी चूक जिथली तिथं राहिली, तर तोही चुकणार. मला त्या पाच शब्दांबद्दल सांग. मला काहीच कळत नाही असं समजून.”

बाईंनी पेन खाली ठेवले. शब्दांविषयी कुणी विचारले की त्यांचा आवाज बदलत असे, तसा आताही बदलला.

“पहिला गला. म्हणजे महागाई. वस्तू आहे, पण हाताला लागत नाही. दुसरा कहत, पाऊस अडून राहणं, आपलं अवर्षण. तिसरा जद्ब, जमीनच वांझ होणं. मी नापिकी लिहिलं. चौथा जूअ, भूक. तक्त्यावर उपासमार. आणि पाचवा मजाआ. पहिला शब्द बाजारातला, दुसरा आभाळातला, तिसरा मातीतला, चौथा पोटातला. मजाआ हा त्या भुकेच्याच शब्दातून निघालाय. एकेकट्या माणसाला असते ती जूअ. अख्ख्या गावाला तीच उरते, तेव्हा ती मजाआ.”

“आणि तू लिहिलंस दुष्काळ.”

“जुन्या दुभाष्यांनी तोच लिहिला होता, मी बदलला नाही. मला तो पुरता पटत नाही. आपण ‘वाईट काळ’ म्हणतो आणि दोष काळावर ढकलतो. त्यांचा शब्द भुकेवरून नजर काढत नाही. पण वाचणाऱ्याला धस्स व्हायला हवं, आणि आपल्याकडे धस्स होतं ते दुष्काळ म्हटल्यावर.”

“कोशात कहतलाही दुष्काळच दिलाय.”

“खिशातल्या कोशात. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून भूक. कोशवाला मधल्या पायऱ्या गाळतो. म्हणूनच तर तक्त्यात पाच रकाने आहेत, बाबा. पायऱ्या गाळल्या जाऊ नयेत म्हणून.”

मास्तरांनी खिशातले टिपण काढले. एकदम काहीतरी जागेवर बसू लागले होते.

“म्हणजे तुझी गफलत झाली असती, तर ती कहत आणि मजाआ यांच्यात. दुसऱ्या आणि पाचव्यात.”

“कुणाचीही त्यांच्यातच झाली असती. गला आणि मजाआ यांच्यात कुणाची होईल? भाव चढणं आणि माणसं मरणं यांत गोंधळ करणारा दुभाषी अजून जन्मायचाय.”

“पण इथं नेमकं तेच झालंय. पहिला पाचवा झालाय, पाचवा पहिला.”

बाईंनी मान खाली घातली. “एक सांगू? काल कळलं की गाड्या बंदराला जातायत, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. आईनं गेल्या पत्रात लिहिलं होतं, सगळं मिळतं, फक्त महाग मिळतं. मला वाटलं, मी काळजी करीन म्हणून तिनं खरं लिहिलं नाही. म्हणून मी तक्त्यावर संशय घेतला नाही. आईवर घेतला.”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असे ते सहसा करत नसत.

“साडेतीनपर्यंत सही करू नकोस,” ते म्हणाले. “सासऱ्याचा हुकूम समज. आजवर एकही दिलेला नाही.”

५

गोदामाच्या एका कोपऱ्यात पालथ्या खोक्यावर बसून मास्तरांनी टिपणाची दोन रकान्यांत मांडणी केली. यंत्र बिघडले की ते हेच करीत: काय बिघडले याच्या आधी काय शाबूत राहिले ते पाहायचे.

वरचे गाव. तक्त्यात पहिला चौकोन, डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे पाचवा. बंदर. तक्त्यात पाचवा, खरा पहिला. मिठागर. तक्त्यात चौथा, उपासमार. डॉक्टर म्हणतो, नुसता पाऊस नाही, साठा आहे, म्हणजे दुसरा. सात विहिरी आणि खिंड. दोन्ही तक्त्यात तिसऱ्या चौकोनात. आणि डॉक्टर म्हणतो, बरोबर.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

लबाड माणूस एक गाव ढकलतो, एक गाव ओढतो. मिठागराला कोण कशाला हात लावील? तिथे ना कुणाचे माहेर, ना सोपा रस्ता. आणि पहिला पाचवा व्हावा, दुसरा चौथा व्हावा, पण तिसरा मात्र जागचा हलू नये, असे फक्त एकाच ठिकाणी घडते. आरशात.

पण आरसा होता कुठे? फुल्या तर हललेल्याच नव्हत्या. काचेवर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा त्यांना ताईंचा तो बाजूला पडलेला दाणा आठवला. ‘पूर्वी यंत्राचा गाडा पार त्या टोकाला ढकलून नाव टाइप करावं लागायचं.’

कोणत्या टोकाला?

“अहो,” त्यांनी गोदामप्रमुखांना हाक मारली, “तो काट्याखालचा टेकू. ती रद्दी कसली होती?”

“जुने तक्ते. नवे आले म्हणून जुन्यांचा गठ्ठा इकडं टाकला. का, काटा पुन्हा डुगडुगायला लागला?”

मास्तरांनी पिशवी उघडली. पाना, पकड आणि तेलाच्या बाटलीखाली ती घडी होती. त्यांनी ती मांडीवर उलगडली, तळव्याने सपाट केली आणि नुसते पाहत राहिले. मग तीस वर्षांचा शिरस्ता मोडून, हत्यारे तशीच जमिनीवर टाकून, ते जिन्याकडे निघाले.

तीन वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि अंगणात पहिल्या गाडीचे इंजिन सुरू झाले होते.

६

कार्यवाहांच्या खोलीत मास्तरांसमोर चौघे जमले. ताई, गोदामप्रमुख, स्वतः कार्यवाह, आणि दाराशी दुभाषीबाई, हातात कोरा कागद धरून.

“मी शिकाऊ कामगार होतो तेव्हाची गोष्ट,” मास्तर म्हणाले. “छोटीच आहे. यंत्राचं चित्र दोन रीतींनी काढतात. एका रीतीत उजव्या बाजूचं दृश्य चित्राच्या उजवीकडे मांडतात, दुसऱ्या रीतीत डावीकडे. दोन्ही बरोबर. म्हणून कोपऱ्यात एक बारीक खूण असते, हे चित्र कोणत्या रीतीचं ते सांगणारी. एकदा ती खूण नसलेलं चित्र माझ्या हाती आलं. मी चाळीस भाग बनवले. मापं तंतोतंत, आणि चाळीसच्या चाळीस डावे-उजवे उलटे. मापात चूक नव्हती, म्हणून ती कुणाला सापडत नव्हती.”

“मास्तर, गाड्या सुटायला आल्या,” कार्यवाह म्हणाले.

“तेवढ्यासाठीच सांगतोय. डॉक्टरचा तक्ता द्या.”

त्यांनी काट्याखालचा चुरगळलेला जुना तक्ता खिडकीच्या काचेला लावला आणि त्यावर डॉक्टरचा तक्ता धरला. पुन्हा रेषेवर रेष बसली.

“जुन्या तक्त्यात गावाच्या नावाचा रकाना कुठं आहे?”

“उजवीकडे,” ताई म्हणाल्या.

“डॉक्टरच्या?”

“उजवीकडे,” दारातून दुभाषीबाईंचा आवाज आला. “अर्थात उजवीकडे. तिकडूनच सुरुवात.”

“आता तुम्ही वाचा, कार्यवाह. वरच्या गावाची ओळ. सर्वांत डावीकडे फुली आहे. जुन्या तक्त्यावर त्या फुलीच्या डोक्यावर कोणता मथळा आहे? शब्द सूनबाईंचा नाही, वारलेल्या दुभाष्यांचा आहे. अरबी शब्द वर, मराठी खाली. आणि त्यांनी छापलेले अरबी शब्द डॉक्टरच्या शब्दांवर बसतात का, तेही बघा. लिपी येत नसली तरी आकार दिसतात.”

कार्यवाहांनी चष्मा सारखा केला. पाचही शब्द पाचही शब्दांवर बसले होते. सर्वांत डावीकडच्या अरबी शब्दाखाली जुन्या टाइपात ‘दुष्काळ’ होता.

कार्यवाहांनी तो शब्द बोट ठेवून पुन्हा वाचला.

“आता नवा तक्ता. मथळ्याचे शब्द तेच, क्रम तोच, सौम्य आधी. सूनबाईंच्या यादीत काहीही चूक नाही. फक्त नाव डावीकडे आलं आणि मोजणी डावीकडून सुरू झाली. ताई कार्बन लावून फुल्या जिथल्या तिथं गिरवत राहिल्या, आणि डॉक्टरचा शेवटचा चौकोन आपला पहिला झाला. दोन्ही कडांचे रकाने पावणेदोन इंचांचेच निघाले, म्हणून चौकोन चौकोनावर बसला. एक रकाना अर्धा इंच कमी असता तर ताईंनी पहिल्याच ओळीला ओरड केली असती. अरबी उजवीकडून वाचतात हे शेंबडं पोरही जाणतं. आपण सगळे जाणतो. पण ते शब्दांपुरतं. फुलीला लिपी नसते.”

“कार्बन खोटं बोलला नाही ना?” ताईंनी विचारले.

“एक अक्षरही खोटं बोलला नाही. त्याच्याखालचा कागद फिरला होता.” मास्तरांनी जुन्या तक्त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे डावीकडे तोंड केलेला नखाएवढा बाण छापलेला होता. “जुन्या दुभाष्यांनी खूण ठेवली होती. नव्यावर ती नाही. नवे तक्ते छापून कुणी घेतले?”

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. तरी कार्यवाहांनी ते स्वतः दिले, आणि मास्तरांना त्या माणसाबद्दलची जुनी आपुलकी परत आली.

“मी. मी छापखान्याला सांगितलं, हे उलटं आहे, सरळ करून द्या. नावं डावीकडे घ्या.” ते खुर्चीत बसले. “आणि तो बाण… मला शाईचा डाग वाटला. म्हटलं, नव्यावर तो नको.”

“नीटनेटकेपणा नडला,” गोदामप्रमुख पुटपुटले. मग त्यांना आपलीच घडी आठवली असावी. “माझा गबाळेपणा मात्र कामी आला. नोंद असू द्या.”

कार्यवाहांनी तिकडे लक्ष दिले नाही. टेबलावरच्या रेषेतले पेन उचलून ते दुभाषीबाईंकडे वळले. “तो कागद द्या इकडे.”

“यावर कबुली लिहायची होती,” बाई म्हणाल्या.

“तीच लिहितोय. नव्या तक्त्यावर मंजुरीची सही माझी आहे. नियमानं तक्ता मलाही रद्द करता येतो, चूक माझी असेल तर.” त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि किल्ली काढून कपाट उघडले. शिक्का त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. “बाई, मी तुमच्या माहेरावर गेलो. ते मला शोभलं नाही.”

“तुम्ही तक्त्यावर विश्वास ठेवलात,” बाई म्हणाल्या. “मीही ठेवला. माझ्या तर शिक्क्याखालून गेला तो. माहेरचं मात्र मी आईला कळवणार. तिला मजा वाटेल, तिच्या नावावर आठ गाड्या निघाल्या होत्या म्हणून.”

ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

नव्या आदेशावर शिक्का उठला तेव्हा तीन वाजून बावन्न मिनिटे झाली होती. गोदामप्रमुख आदेश घेऊन जिना उतरता उतरताच ओरडू लागले होते: निम्मी पोती उतरवा, घाटात जायचंय, दोन खेपा, चाकांच्या साखळ्या कुठं आहेत. त्या आवाजात तक्रार ठासून भरलेली होती आणि पाय मात्र तरण्या माणसासारखे पळत होते.

मास्तर खिडकीशी उभे राहिले. पहिली गाडी फाटकाबाहेर पडली, सपाट रस्त्याकडे न जाता डावीकडे वळली आणि डोंगराकडे चढू लागली. आठवी वळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

“बाबा,” सून मागून म्हणाली, “तुमची हत्यारं गोदामात जमिनीवर पडलीत. गोदामप्रमुख विचारतायत, प्रकृती बरी आहे ना.”

पुढच्या पंधरवड्याचा तक्ता मंगळवारी आला. गुरुवार नसतानाही मास्तर त्या दिवशी कचेरीत हजर होते. काटा पाहायला, असे त्यांनी घरी सांगितले. ताईंनी कार्बन लावला, चारी कोपरे जुळवले. खालचा कागद जुन्या पद्धतीचा होता, नावे उजवीकडे. आणि उजव्या कोपऱ्यातला बाण या वेळी ठसठशीत छापला होता, कुणाला डाग वाटू नये इतका.

नावे आणि शेरे तपासून दुभाषीबाईंनी शिक्का उठवला. मग नवा नियम होता त्याप्रमाणे, कार्यवाहांच्या देखत, त्यांनी फुल्याही वाचल्या. वरच्या गावाच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

“काय आहे?” मास्तरांनी विचारले.

“जूअ,” त्या म्हणाल्या. “उपासमार. मजाआ नाही.”

फुली एक घर उजवीकडे सरकली होती. मास्तरांनी चष्मा पुसला, बाणाकडे एकदा पाहून दिशेची खात्री करून घेतली, आणि मग काट्याचा पाय बघायला खाली गेले.